कॉम्प्युटरचा हेडसेट मोबाइलच्या कॉलसाठी ब्लूटूथने वापरता येतो का?

मुक्ता_सांगली
मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

विम्याचं आणि इन्कम टॅक्स रिटर्नचं काम घरून करते. सीझनला दिवसभर क्लायंटचे फोन. फोन कान आणि खांद्यामध्ये दाबायचा आणि दोन्ही हातांनी टाइप करायचं, असं करून मान पार गेली कामातून. फिजिओवाल्या बाईंनी सरळ सांगितलं, हे बंद करा नाहीतर पट्टा घाला.

माझ्या डेस्कटॉपला (विंडोज ११) एक चांगला हेडसेट आहे. कानावर मोठ्या गाद्या, तोंडासमोर माइकची दांडी, आणि वायरच्या टोकाला हिरवी आणि गुलाबी अशा दोन पिना. झूमवर सगळे म्हणतात आवाज स्वच्छ येतो. मोबाइलला मात्र हेडफोनचं भोकच नाही, फक्त सी-टाइप.

तर प्रश्न असा, की मोबाइलवर आलेला साधा, सिमवरचा कॉल (व्हॉट्सअ‍ॅपचा नव्हे) ब्लूटूथने कॉम्प्युटरकडे वळवून याच हेडसेटवर बोलता येईल का? भाच्याने दिलेला ब्लूटूथचा छोटा डोंगल मागे लावला आहे. फोन पेअर केला, 'पेअर्ड' दिसतं, फोटो इकडून तिकडे जातात. पण कॉल आला की आवाज फोनमधूनच येतो.

इअरबड नकोत. माझे कान दुखतात आणि दुपारच्या आत त्यांचं चार्जिंग संपतं. तेव्हा 'बड्स घ्या' एवढं सोडून काहीही सुचवा.

बेधडक_बंड्या
बड्स घ्या.

(पळतो.)

कोपऱ्यातला_कोडर
बंड्या, तू पळच.

मुक्ताताई, पेअरिंग तुम्ही बरोबर केलं आहे. ब्लूटूथमध्ये नुसतं जोडून भागत नाही, जोडल्यावर दोन यंत्रं कोणतं काम करणार ते प्रोफाइलवर ठरतं. फाइल पाठवायचं प्रोफाइल वेगळं, गाणी ऐकायचं (ए२डीपी) वेगळं, कॉलचं वेगळं. कॉलवाल्याला हँड्स-फ्री प्रोफाइल म्हणतात, थोडक्यात एचएफपी. त्यात दोन भूमिका असतात. एक 'ऑडिओ गेटवे', म्हणजे ज्याच्याकडे कॉल येतो तो. दुसरी 'हँड्स-फ्री', म्हणजे ज्याच्यावर आपण बोलतो तो: कानातला हेडसेट, गाडीतली सिस्टिम वगैरे.

फोन तर गेटवे असतोच. घोळ असा आहे की कॉम्प्युटरही एरवी गेटवेच असतो, कारण त्याला ब्लूटूथ हेडसेट लावला की तो फोनच्या जागी असतो. एका घरात दोन सासवा, सून कोणीच नाही, मग चहा कोण टाकणार? दोघं एकमेकांकडे बघत बसतात आणि कॉल फोनवरच राहतो.

म्हणजे कॉम्प्युटरला हँड्स-फ्रीची भूमिका घ्यायला लावायची. फोनला वाटलं पाहिजे की आपण गाडीच्या ब्लूटूथला जोडलो आहोत. तुमच्या हेडसेटला यात काहीच करायचं नाही. आवाज कॉम्प्युटरपर्यंत आला की पुढे तो हिरव्या पिनेतून जाईल, नाहीतर यूएसबीतून.

एक्सपी आणि विंडोज ७ च्या काळात डोंगलबरोबर ब्लूसोलेल किंवा तोशिबाचं सॉफ्टवेअर मिळायचं, त्यात ही सोय असे. आता विंडोज ११ मध्ये 'फोन लिंक' नावाचं अ‍ॅप आधीपासून असतं. २०२२ पर्यंत त्याचं नाव 'युअर फोन' होतं. तेच उघडा.

भटकभवानी
माहिती छान, पण चहा सासूने टाकला तरी चालतो हो कोडरभाऊ. :)

कोपऱ्यातला_कोडर
मान्य. दंडवत.

खटपट_नाना
सोसायटीचा सेक्रेटरी असल्यामुळे मला दिवसभर पाण्याच्या टँकरचे आणि लिफ्टवाल्यांचे फोन असतात. मी हेच वापरतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कॉम्प्युटर आणि फोन दोन्हीकडे जुनं पेअरिंग काढून टाका. तुम्ही फोटो पाठवायला जोडलं होतं ते नंतर मध्ये येतं. मग कॉम्प्युटरवर फोन लिंक उघडा, मायक्रोसॉफ्टचं अकाउंट लागेल. स्क्रीनवर क्यूआर कोड येतो, तो फोनवरच्या 'लिंक टू विंडोज' या अ‍ॅपने स्कॅन करायचा. एवढं झालं की मेसेज, नोटिफिकेशन दिसायला लागतात, आणि लोक इथेच थांबतात. कॉल अजून सुरू झालेले नसतात. वर 'कॉल्स' असा वेगळा टॅब आहे, त्यात जाऊन सेटअप पुन्हा सुरू करावा लागतो. तेव्हा खरं ब्लूटूथ पेअरिंग होतं, दोन्हीकडे तोच आकडा दिसतो, तो जुळवून होकार द्यायचा. फोन कॉन्टॅक्ट आणि कॉल लॉगची परवानगी मागेल.

मग फोनच्या ब्लूटूथ यादीत कॉम्प्युटरच्या नावासमोरचं चाक दाबा. आत 'फोन कॉल' नावाचं बटण आहे, ते चालू हवं. बऱ्याच जणांचं गाडं इथेच अडतं.

आता हेडसेट. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये आउटपुट आणि इनपुट दोन्हीकडे तुमचा हेडसेट निवडा. शिवाय जुनं साउंड पॅनेल असतं (रनमध्ये एमएमएसवायएस डॉट सीपीएल टाइप केलं की उघडतं), तिथे हेडसेटवर राइट क्लिक करून 'डिफॉल्ट कम्युनिकेशन डिव्हाइस' पण तोच करा. प्लेबॅक आणि रेकॉर्डिंग, दोन्ही टॅबमध्ये. विंडोज कॉलसाठी वेगळं आणि गाण्यासाठी वेगळं यंत्र धरू शकतं. मॉनिटरला स्पीकर असले तर क्लायंटचा आवाज तिकडून यायचा.

त्याच पॅनेलमध्ये 'कम्युनिकेशन्स' असा एक टॅब आहे. कॉल आला की बाकीचे आवाज ८० टक्के कमी करायचे, असं तिथे आधीच ठरवलेलं असतं. मागे भजनं लावायची सवय असेल तर तो बदला, नाहीतर भजन का दबलं म्हणून शोधत बसाल.

कॉल आला की कोपऱ्यात चौकोन उघडतो. तिथे स्वीकारला तर आवाज कॉम्प्युटरवर, फोनवर स्वीकारला तर फोनवर. मध्येच उठून बाल्कनीत जायचं झालं तर कॉलच्या खिडकीत कॉल परत फोनवर घ्यायचं बटण आहे.

तापकीर_गल्ली_रिटर्न
एवढा खटाटोप कशाला म्हणतो मी? ब्लूटूथ, अकाउंट, क्यूआर, परवानग्या... सी-टाइपचा एक डोंगल आणि एक वाय-जोड घ्या, हेडसेट थेट फोनला लावा. तारेइतका भरवसा कशाचा नाही.

पण घेताना डोळे उघडे ठेवा. बुधवार पेठेत दुकानदाराला 'वाय-जोड द्या' म्हटलं की तो तीन वस्तू समोर टाकेल आणि तिन्ही सारख्याच दिसतात. एकाला दोन हेडफोन लागतात, तो दोघांनी मिळून पिक्चर बघायचा, माइकचा काही संबंध नाही. दुसऱ्याला एक भोक आणि दोन पिना, तो मोबाइलचा इअरफोन कॉम्प्युटरला लावायचा. तुम्हाला याच्या उलटा हवा: दोन भोकं (एकावर हेडफोनचं चित्र, एकावर माइकचं) आणि पुढे एकच पिन. त्या पिनेवर काळ्या रेघा मोजा, तीन हव्यात. दोनच असल्या तर माइक जाणार नाही.

तीन रेघांच्या पिनेतही दोन जाती आहेत, सीटीआयए आणि ओएमटीपी. माइक आणि ग्राउंडच्या जागा उलट्या. हल्लीचे जवळपास सगळे फोन सीटीआयए आहेत. जोड चुकीचा असला तर आवाज पोकळ येतो, गाणाऱ्याचा गळाच गायब होतो.

सी-टाइपचा डोंगल 'डॅक'वाला मागा, म्हणजे डिजिटल आवाज हेडफोनला चालेल असा करून देणारी चिप आत असलेला. बिनडॅकचा स्वस्त असतो, पण तो काही ठरावीक फोनवरच चालतो.

मुक्ता_सांगली
नाना, काय सविस्तर लिहिलंय तुम्ही! रात्री करून बघते.

तापकीरराव, तुमचं पटतं, पण एक अडचण आहे. त्याच हेडसेटवर मला कंपनीची झूम ट्रेनिंगही ऐकायची असतात, मधूनच क्लायंटचा फोन येतो. दर वेळी टेबलाखाली वाकून पिना काढायच्या आणि लावायच्या? मानेसाठी करतेय हो हे सगळं.

तापकीर_गल्ली_रिटर्न
हां, मग खरं आहे. तुम्हाला दोन्हीकडचा आवाज एकाच हेडसेटवर हवा. मग कॉम्प्युटरमार्गेच बरं.

तरी नोंद करून ठेवतो, बाकीच्यांच्या कामाला येईल. काडेपेटीएवढे ब्लूटूथ रिसीव्हर मिळतात, त्यात हेडसेटची पिन लावायची आणि रिसीव्हर फोनला जोडायचा. वायरचा हेडसेट ब्लूटूथचा होतो, कॉम्प्युटर मध्ये लागत नाही. फसगत अशी की बऱ्याच रिसीव्हरना माइक स्वतःच्या अंगावर असतो आणि पिनेतून येणारा माइक ते घेतच नाहीत. तुम्ही दांडीत बोलत राहता आणि समोरच्याला खिशातल्या किल्ल्या ऐकू येतात. दुकानात उभं राहून एक कॉल लावून बघा, मगच पैसे द्या.

सुनीती_फ्लोअरवरची
बरीच वर्षं कॉल सेंटरमध्ये काढली, म्हणून आवाजाबद्दल लिहिते. वर कोणी त्याबद्दल बोललं नाही.

सिमवरचा ४जी कॉल, म्हणजे व्होल्टी, धड चालू असला तर साधारण ५० ते ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज पोहोचवतो. जुन्या २जी-३जी कॉलमध्ये ३०० ते ३४०० एवढंच. जिओचं नेटवर्क २०१६ ला सुरू झालं तेच व्होल्टीवर, त्यामुळे आपल्याला स्वच्छ आवाजाची सवय झाली. आता तोच कॉल ब्लूटूथवरून कॉम्प्युटरकडे नेला की एचएफपीचा कोडेक, म्हणजे आवाज दाबून पाठवायची पद्धत, मध्ये येतो. जुना कोडेक सीव्हीएसडी, ८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगचा, म्हणजे पुन्हा जुन्या फोनसारखा चिंचोळा आवाज. २०११ च्या एचएफपी १.६ पासून एमएसबीसी आला, तो १६ किलोहर्ट्झचा. फोन, डोंगल आणि ड्रायव्हर तिघांनाही तो येत असेल तरच मिळतो. एक जरी मागे राहिला तरी सगळे मिळून जुन्यावर उतरतात.

'स' आणि 'फ' यांचा फरक नेमका वरच्या भागात असतो. चिंचोळ्या आवाजात इंग्रजी एस आणि एफ ओळखू येत नाहीत, अगदी सारखे लागतात. आम्हाला त्यासाठीच 'एस फॉर शुगर' घोकायला लावायचे.

मुक्ता_सांगली
सुनीतीताई, तुम्ही माझ्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. पॅन नंबर फोनवर घेणं म्हणजे हाच वैताग! पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. चौथं अक्षर माणूस असला की 'पी', भागीदारी फर्म असली की 'एफ'. पाचवं आडनावाचं पहिलं. ही दोन मला आधीच माहीत असतात, पण पहिली तीन आणि शेवटचं, तिथे अंदाज चालत नाही. मागच्या वर्षी एका आजोबांचा 'एस' मी चार वेळा विचारला, ते शेवटी म्हणाले, 'बाई, तुम्ही फोन ठेवा, नातवाला पाठवतो कागद घेऊन.'

खटपट_नाना
पॅन व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून मागवत नाही का?

मुक्ता_सांगली
मागवते की. फोटो येतो तो तिरका, त्यावर पंख्याची सावली.

पेंग्विनप्रेमी
लिनक्सवाल्यांसाठी दोन शब्द. इथे अकाउंट-बिकाउंट काही लागत नाही. ब्लूझेड (ब्लूटूथ सांभाळणारं) आणि पाइपवायर (आवाज सांभाळणारं) असलेल्या लिनक्सच्या कुठल्याही नव्या डिस्ट्रोमध्ये, म्हणजे आवृत्तीत, कॉम्प्युटर हँड्स-फ्रीची भूमिका घेऊ शकतो, पाइपवायरच्या जोडण्या ठरवणाऱ्या वायरप्लंबरच्या कॉन्फिगमध्ये ब्लूटूथच्या रोलमध्ये ती चालू आहे ना ते बघायचं. नंबर डायल करायला, कॉल उचलायला ओफोनो बसवा. नुसतं बोलायचं असेल तर कॉल फोनवर उचला आणि आवाज इकडे येऊ द्या.

सगळ्यात मजा क्यूपीडब्ल्यूग्राफ या आवाजाच्या जोडण्या दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये. कॉल चालू असताना तो उघडला की फोन एक चौकोन, हेडसेट दुसरा चौकोन. फोनच्या बाहेरच्या टोकापासून हेडसेटच्या आतल्या टोकापर्यंत माऊसने तार ओढायची, आणि माइककडून फोनकडे दुसरी. कॉलचा आवाज आणि झूमचा आवाज वेगवेगळ्या कानात पाठवता येतो. मी डाव्या कानात मीटिंग आणि उजव्या कानात आई असं ऐकतो.

फोन आणि कॉम्प्युटर जोडणाऱ्या केडीई कनेक्टबद्दल विचाराल तर ते कॉल आल्याचं सांगतं, आवाज नेत नाही.

भटकभवानी
डाव्या कानात मीटिंग, उजव्या कानात आई. आणि माइक कोणाकडे?

पेंग्विनप्रेमी
तिथेच तर तारा जपून ओढाव्या लागतात.

न्यूजर्सीकर
आमच्याकडे मॅक आणि आयफोन, त्यामुळे माझा अनुभव थोडा वेगळा. २०१४ ला मॅकचं योसेमिटी आणि आयफोनचं आयओएस ८ आलं तेव्हापासून आयफोनचा कॉल मॅकवर घेता येतो. दोन्हीकडे एकच अ‍ॅपल अकाउंट आणि दोन्ही एकाच वायफायवर हवेत. आवाज ब्लूटूथवरून जात नाही, म्हणून वर सुनीतीताईंनी सांगितलेली कोडेकची भानगड इथे नाही. फोन आत स्वयंपाकघरात चार्जिंगला ठेवला तरी चालतं. आयफोनच्या सेटिंगमध्ये इतर डिव्हाइसवर कॉल घ्यायचा पर्याय आहे तो चालू करायचा, आणि मॅकवर फेसटाइमच्या सेटिंगमध्ये आयफोनचे कॉल. भारतातून रात्री फोन आला की फोन, मॅक, आयपॅड सगळे एकदम वाजतात, तेव्हा ज्याच्यावर नको तिथलं बंद करून टाका.

आयफोन आणि विंडोज अशी जोडी असेल तर २०२३ पासून फोन लिंक आयफोनलाही चालतं, ते ब्लूटूथवरून.

मुक्ता_सांगली
झालं! म्हणजे, अर्धं झालं.

नानांनी सांगितलं तसं जुनं पेअरिंग काढलं, कॉल्सच्या टॅबमधून पुन्हा जोडलं. फोनच्या यादीत 'फोन कॉल'चं बटण बंदच होतं, ते चालू केलं. नणंदेला फोन लावायला सांगितला आणि आवाज खाडकन हेडसेटमध्ये! दोन्ही हात मोकळे.

पण आवाज मध्येमध्ये फाटतो. चार शब्द नीट येतात, मग खरखर, मग अर्धा शब्द गायब. नणंद म्हणते तिलाही तसंच ऐकू येतं. फोन टेबलावरच आहे, कॉम्प्युटरपासून हातभर. हेडसेटवर झूम लावलं तर एकदम स्वच्छ. डोंगल खराब असेल का? भाच्याला कसं सांगू?

कोपऱ्यातला_कोडर
भाच्याला काही सांगू नका. डोंगल नेमका कुठल्या भोकात आहे? आणि शेजारी काय लावलंय?

मुक्ता_सांगली
कॅबिनेटच्या मागे, निळ्या रंगाच्या यूएसबीत. शेजारी बॅकअपची हार्ड डिस्क कायम लावलेली असते. कॅबिनेट टेबलाखाली, भिंतीला चिकटून.

कोपऱ्यातला_कोडर
मग चोर सापडला. निळं भोक म्हणजे यूएसबी ३. त्यावर हार्ड डिस्क चालू असली की तिची वायर आणि कनेक्टर २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात, आणि ब्लूटूथ नेमकं त्याच पट्ट्यात काम करतं. इंटेलने २०१२ ला यावर एक टिपणच काढलं होतं. फाइल पाठवताना गोंगाटात हरवलेला तुकडा पुन्हा पाठवता येतो, म्हणून तुमचे फोटो व्यवस्थित जात होते. कॉलचा आवाज मात्र त्या क्षणी पोहोचला तर पोहोचला. उशिरा आलेल्या शब्दाचा काय उपयोग? वर तो पत्र्याचा डबा, भिंत आणि तुमचे पाय मध्ये.

साधी हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेंशन वायर घ्या, काळ्या भोकात (यूएसबी २) लावा आणि डोंगल टेबलावर आणा, फोनला दिसेल असा. डोंगलच्या कंपनीचा ड्रायव्हरही टाका, एमएसबीसी असेल तर त्यानेच मिळेल.

तापकीर_गल्ली_रिटर्न
शेवटी वायरच लागली ना! :)

मुक्ता_सांगली
एक्स्टेंशन लावली. प्रिंटरची जुनी घरातच होती. डोंगल आता कॅलेंडरच्या स्टँडला चिकटपट्टीने लावलाय. खरखर बंद! आज सकाळपासून सगळे कॉल यावरच घेतले, पॅन नंबरसुद्धा. एस आणि एफ वेगळे ऐकू येतात, म्हणजे सुनीतीताई म्हणतात तो नवा कोडेक मिळाला असावा.

एकच तक्रार आहे, ती घरातल्यांची. म्हणतात तू ओरडतेस. मला तसं अजिबात वाटत नाही.

सुनीती_फ्लोअरवरची
ओरडताय तुम्ही. :) हसू नका, आम्ही सगळे ओरडायचो.

फोन कानाला लावून बोलताना आपलाच आवाज थोडासा आपल्याला परत ऐकवला जातो, त्याला साइडटोन म्हणतात. दोन्ही कान गाद्यांनी झाकले आणि साइडटोन नसला की माणसाला वाटतं आपला आवाज पोहोचत नाही, मग तो चढवतो. काही हेडसेटमध्ये साइडटोन असतो, तुमच्यात नसावा. विंडोजमध्ये माइकच्या प्रॉपर्टीत 'लिसन टू धिस डिव्हाइस' असं एक खूण करायचं ठिकाण आहे, पण त्याने आपला आवाज किंचित उशिरा येतो आणि बोलताना जीभ अडखळते. त्यापेक्षा एका बाजूची गादी कानाच्या मागे सरकवा. फ्लोअरवर सगळे तेच करायचे, ज्या कानाची गादी जास्त झिजलेली त्यावरून कोणाचा हेडसेट ते कळायचं.

आणि एक, कॉल आधी नेटवर्कवरून, मग ब्लूटूथ, मग कॉम्प्युटर असा फिरून येतो, त्यामुळे आवाज थोडा मागे असतो. समोरच्याचं वाक्य संपल्यावर एक श्वास थांबून बोला, नाहीतर दोघं एकदम बोलायला लागता.

आयटीतला_गणू
उशिरा आलो. ऑफिसचा लॅपटॉप वापरणाऱ्यांनी हे करताना जपून. नाना म्हणाले ना, फोन कॉन्टॅक्ट आणि कॉल लॉगची परवानगी मागतो? ती दिली की तुमच्या फोनमधली नावं, कोणाला कधी फोन केला ते, मेसेज, त्यातले ओटीपी, सगळं लॉगिन असलेल्या लॅपटॉपवर दिसतं. ऑफिसच्या यंत्रावर कंपनीची नजर असू शकते. बऱ्याच ठिकाणी आमच्यासारखे लोक फोन लिंक बंदच करून ठेवतात, मग 'चालत का नाही' म्हणून आयटीकडे तिकीट (तक्रार) टाकू नका.

घरातला कॉम्प्युटर मुलंही वापरत असतील तर विंडोजचं वेगळं लॉगिन करा. मुक्ताताई, तुमच्याकडे तर क्लायंटचे नंबर आहेत.

मुक्ता_सांगली
खरंच की, हे डोक्यातच आलं नव्हतं. मुलाचं वेगळं लॉगिन आहे, पण मी उठताना स्क्रीन लॉक करत नाही. करते आता.

रेडगेमर_नाशिक
माझा प्रश्न थोडा वेगळा, पण इथेच विचारतो. माझा हेडसेट यूएसबीचा आहे, गेमिंगचा, हिरवी-गुलाबी पिन नाही. फोनला ओटीजीने (यूएसबीची वस्तू फोनला लावायच्या जोडाने) लावला तर गाणी वाजतात, पण कॉल आला की आवाज फोनच्याच स्पीकरवर. हेडसेट बिघडला का?

कोपऱ्यातला_कोडर
हेडसेट ठीक आहे. यूएसबी हेडसेटच्या पोटात स्वतःचं साउंड कार्ड असतं. अँड्रॉइड ५ पासून (२०१४) त्याला गाण्यांसाठी आवाज पाठवता येतो. सिमवरचा कॉल मात्र फोनच्या आत वेगळ्या रस्त्याने जातो, आणि तो रस्ता यूएसबीकडे वळवायचा की नाही हे फोन बनवणाऱ्यावर असतं. काही फोनवर वळतो, काहींवर नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल लावून बघ, तो बहुतेक हेडसेटवर येईल. सिमच्या कॉलसाठी तूही कॉम्प्युटरमार्गे जा, फोन लिंकला यूएसबी हेडसेट चालतो.

सुनीती_फ्लोअरवरची
गेमर, नवीन घ्यायचाच असेल तर दोन्हीकडे एकदम जोडला जाणारा बघ. ऑफिसच्या कामासाठी जाब्रा आणि पॉलीचे (पूर्वीची प्लँट्रॉनिक्स) असतात, कॉम्प्युटरला त्यांचा छोटा यूएसबी डोंगल आणि फोनला थेट ब्लूटूथ. गेमिंगमध्ये स्टीलसिरीजच्या आर्क्टिस नोव्हा ७ सारखे आहेत, गेमचा आवाज २.४ गिगाहर्ट्झच्या डोंगलने आणि फोनचा ब्लूटूथने, दोन्ही एकाच वेळी कानात. मग फोन लिंकची गरजच उरत नाही.

साधा ब्लूटूथ हेडसेट कॉम्प्युटरला लावून त्यावर पुन्हा फोन लिंकचा कॉल घ्यायच्या फंदात मात्र पडू नकोस. एकाच डोंगलवर फोनकडून येणारा कॉल आणि हेडसेटकडे जाणारा कॉल अशी दुहेरी वाहतूक होते आणि आवाज अडखळतो. वायरचा हेडसेट इथे उजवा ठरतो तो यामुळेच.

रेडगेमर_नाशिक
बजेट विचारू नका. वायफळ खर्च नको असं घरून सांगितलंय. फोन लिंक बघतो.

शांताराम_बेळगाव
वाचनखूण साठवली. एक शंका. कॉम्प्युटर बंद असेल किंवा झोपला असेल तेव्हा कॉलचं काय? दुपारी झाकून ठेवतो आणि नेमका मुलीचा फोन आला तर?

खटपट_नाना
काका, काही होत नाही. कॉम्प्युटर झोपला की ब्लूटूथ तुटतं आणि फोन नेहमीसारखा वाजतो. उलट काळजी वेगळी घ्या: कॉम्प्युटर चालू ठेवून फोन घेऊन शेजारच्या खोलीत गेलात आणि नंबर कॉम्प्युटरवरून लावलेला असेल, तर बोलणं हेडसेटवरच राहतं. फोन कानाला लावून 'हॅलो हॅलो' करत बसू नका, कॉल चालू असतानाच फोनच्या स्क्रीनवर स्पीकरचं किंवा ब्लूटूथचं चिन्ह येतं, तिथे 'फोन' निवडा.

शांताराम_बेळगाव
बरं झालं विचारलं. डोंगल कुठला घेऊ?

खटपट_नाना
खोक्यावर ब्लूटूथ ५ च्या पुढचं लिहिलेलं असावं, आणि विंडोज ११ लिहिलेलं असावं. पाचशेच्या आत-बाहेर मिळेल. लॅपटॉप असेल तर आधी बघा, ब्लूटूथ आतच असतं, वेगळा घ्यावा लागणार नाही.

शांताराम_बेळगाव
लॅपटॉपच आहे.

खटपट_नाना
मग पाचशे वाचले, काका. सरळ कॉल्सच्या टॅबपासून सुरू करा. अडलात तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.